परसबाग आणि बदलता समाज

परसात काय उगवते हे माती व पाऊस ठरवितात, तसा समाजही ठरवितो. सार्वजनिक पाणवठ्यावर हक्क नसेल तर बाग कशी फुलणार? या हक्कासाठीच २० मार्च १९२७ रोजी महाडला चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला. घागरभर पाण्यासाठी ताटकळणाऱ्या वस्तीत शेवगा, पावसाळ्यात छपरावर चढणारा भोपळा आणि सांडपाण्यावरचा अळू, एवढेच तग धरी.

१९५६ च्या धर्मांतरानंतर आमच्या अनेक अंगणांतून तुळशीवृंदावन गेले. खोकल्याच्या काढ्यापुरती तुळस राहिली. विहारापाशी पिंपळ लागला. पुढे नळ आले, पण गटारे बंदिस्त झाली तशी अळूची जागा गेली. मुले शिकून शहरात गेली. बी राखेत घोळून ठेवायला घरात माणूस उरले नाही. परसात क्रोटन आले, भाजी बाजारातून येऊ लागली.

शिक्षण व नोकरी ही आपली कमाई आहे. तिची आम्हाला खंत नाही. परंतु आजीच्या गाडग्यातले बी एकदा संपले की पुन्हा मिळणे कठीण. विद्यार्थी बंधुभगिनींनो, सुटीत गावी जाल तेव्हा वालाचे, घोसाळ्याचे मूठभर बी मागून घ्या, पेरा आणि त्याची माहिती वहीत लिहून ठेवा.