चाल आपली, स्वरसाथ यंत्राची

चर्चमधील गायकवृंद एकच चाल चार आवाजांत गातो, हे आपण नेहमी ऐकतो. वरचा आवाज चाल म्हणतो व खालचे तीन तिला आधार देतात. अशा एकत्र उमटणाऱ्या स्वरांस स्वरसंघ अथवा कॉर्ड म्हणतात. कोणत्या संघामागून कोणता यावा, हे ठरविणे ही मोठी विद्या होय. चालीत नुसता ‘सा’ आला, तरी तो सा-ग-प या संघात बसतो, म-ध-सा यात बसतो आणि ध-सा-ग यातही बसतो. पहिल्यात विसावा वाटतो, तर शेवटच्यात किंचित खिन्नता.

ही निवड आता यंत्रेही करू लागली आहेत. अमेरिकेतील इलिनॉय विद्यापीठात हिलर व आयझॅक्सन यांनी १९५७ मध्ये पूर्ण केलेली तंतुवाद्यरचना संगणकाकडून करविली होती. त्या वेळी नियम माणसाने घालून दिले होते. आजचे यंत्र उदाहरणांवरून शिकते. २१ मार्च २०१९ रोजी, योहान सेबास्टियन बाख यांच्या जन्मदिनानिमित्त, गुगलने असे एक साधन सर्वांस खुले केले. बाखच्या ३०६ चौस्वरी भजनरचनांतील काही स्वर झाकून ठेवावयाचे व ते यंत्राने ओळखावयाचे, असा त्याचा अभ्यास झाला होता. दोन मात्राखंडांची चाल दिली की क्षणात उरलेले तीन आवाज मिळत. जाणकारांस मात्र त्यांत बाखने कटाक्षाने टाळलेले समांतर पंचम आढळले.

यापेक्षा मोठी उणीव निराळीच आहे. यंत्रास चाल दिली होती. शब्द दिलेच नव्हते. बाखच्या ‘सेंट मॅथ्यू पॅशन’मध्ये हान्स लिओ हास्लर यांची एकच चाल पाच वेळा येते. ख्रिस्ताने प्राण सोडल्यानंतर ती येते तेव्हा चाल तीच राहते, पण खालचे स्वर व्याकूळ होतात. तो फरक शब्दांतून व प्रसंगातून आला आहे.

मुंबईच्या चित्रपटसृष्टीत अँथनी गोन्साल्विस व सेबॅस्टियन डिसोझा या गोवेकर कलावंतांनी इतरांच्या चालींना अशीच साथ रचून दिली. गीत कोणत्या भावाचे आहे, हे उमजल्यावाचून ते काम होण्यासारखे नव्हते.

म्हणून यंत्र घरात आणण्यास हरकत नाही. ज्या गावात स्वरलेखन जाणणारा शिक्षक उरला नाही, तेथे ते उपकारकच ठरेल. मात्र त्याच्याकडून एकच उत्तर न घेता तीन-चार मागावीत आणि प्रत्येक गाऊन पाहावे. आपल्या गायकांचा आवाज तेथवर पोहोचतो काय, शोकाच्या ओळीवर उत्सवाचा नाद तर येत नाही ना, हे तपासावे. न पटलेला स्वर बदलण्याचे धैर्य धरावे. मुलांचे कानही या तपासणीनेच तयार होतील. आयते उत्तर गिरविल्याने ते कधीच तयार होणार नाहीत.