जूनमधली पिवळी फांदी

सकाळी 6.00. अ‍ॅम्स्टरडॅममध्ये जूनचं ऊन एवढ्यात चांगलं वर आलेलं असतं. चहा घेते आणि सायकल काढते. कालव्यांच्या काठचे एल्म तपासणं हे माझं काम. मे महिन्यात या झाडांच्या गोल, कागदासारख्या पंखांच्या बिया गळून पाण्यावर थर धरतात. इथले लोक त्याला वसंतातलं हिम म्हणतात. मला मात्र आमच्या बांधावरचा वावळ आठवतो. वावळ एल्मच्याच कुळातला, त्याच्या बियाही अशाच. लहानपणी आम्ही त्यातला दाणा सोलून खायचो.

7.15. दुर्बीण गळ्यात आणि मान वर. शोधायचं एकच: भर हिरव्या झाडात अवेळी पिवळी पडलेली फांदी. आज तिसऱ्या पुलाजवळ दिसली. पानं गुंडाळलेली, कोवळा शेंडा आंबे काढायच्या आकडीसारखा खाली वळलेला. जोडीदार दोर लावून चढला, काडी कापून खाली टाकली. साल सोलली तर खाली तपकिरी रेघा, आडवी कापली तर तपकिरी ठिपक्यांचं कडं. ते कडं पाहिलं की आजही पोटात खड्डा पडतो. ऑफिओस्टोमा नावाची बुरशी झाडाच्या पाणी वाहणाऱ्या नळ्यांत शिरते. तिला अडवायला झाड त्याच नळ्या बुजवत जातं आणि शेवटी तहानेनं वाळतं.

काडी पिशवीत घातली, पिशवीवर झाडाचा क्रमांक लिहिला. प्रयोगशाळेचा निकाल येईल तेव्हा येईल. कात्री स्पिरिटनं पुसून मगच पुढच्या झाडाकडे.

जग या रोगाला 'डच एल्म रोग' म्हणतं, पण तो डचांनी आणलेला नाही. योहाना वेस्टरडाइक यांच्या प्रयोगशाळेत 1920च्या दशकात बेआ श्वार्त्स यांनी ही बुरशी शोधली, क्रिस्तिने बाउसमन यांनी तीच रोगाचं मूळ असल्याचं पक्कं केलं. या डच बायकांनी रोग ओळखला, म्हणून त्यांच्या देशाचं नाव त्याला चिकटलं. झाडाखाली उभी असताना मला त्यांची फार आठवण येते.

9.00. मागच्या आठवड्यात खूण केलेलं झाड आज पाडायचं. हा दिवसातला सगळ्यात जड भाग. करवत थांबली की मी सालीचा तुकडा उचलते. आतल्या बाजूला मधोमध एक बोगदा आणि त्यातून दोन्हीकडे फुटलेल्या बारीक वाटा, जणू कोणी पीस कोरलंय. मधला बोगदा मादी भुंगेऱ्याचा, बाजूच्या वाटा तिच्या अळ्यांच्या. लहान जातीचा भुंगेरा तांदळाच्या कणीएवढा. मरणाऱ्या एल्मच्या सालीखाली तो वाढतो आणि अंगावर बुरशीचे बीजाणू घेऊन निरोगी झाडाच्या कोवळ्या फांद्या कुरतडायला उडतो.

समोरच्या घरातल्या बाई खाली आल्या. चाळीस वर्षं या झाडाची सावली त्यांच्या खिडकीत होती. "दोन ओंडके ठेवाल का माझ्यासाठी? शेकोटीला होतील." मी नाही म्हटलं. त्यांचं तोंड उतरलं, मलाही बरं वाटलं नाही. पण सालीसकट ठेवलेला एक ओंडका म्हणजे शेकडो भुंगेरे. 1960च्या दशकात ब्रिटनमध्ये या रोगाची जहाल जात पोहोचली तीही उत्तर अमेरिकेतून आलेल्या सालीसकट लाकडांवरून. पुढे तिथले अडीच कोटींहून जास्त एल्म गेले. सगळ्या लाकडाचा आजच्या आज भुसा झाला पाहिजे. तो होईपर्यंत मी जागची हलत नाही.

दुपारी 12.30. डबा उघडते आणि गावी फोन लावते. तिकडे चार वाजलेले.

"आज कुठलं पाडलंस गं?" बाबांचा रोजचा प्रश्न.

"एक म्हातारं."

थोडा वेळ ते काही बोलत नाहीत. मग, "आणि लावलंस कुठलं?"

"लावायचं नोव्हेंबरात, बाबा. आज गेल्या साली लावलेल्यांना पाणी घालायचंय."

2.00. अरुंद गल्ली, घरांच्या भिंतींना लागून 'कोलुमेला' वाणाचे सात एल्म. लॅटिनमध्ये या शब्दाचा अर्थ छोटा खांब, आणि झाडही तसंच सरळ, अंग आखडून वाढणारं. पानं खरखरीत, पीळ दिल्यासारखी. वॉखेनिंगनच्या संशोधकांनी 'प्लँटिन' या संकराच्या बीपासून 1967 साली हे रोप वाढवलं आणि ते बाजारात आलं 1989 साली. बावीस वर्षं! रोगाला दाद न देणारा एल्म निवडायचा म्हणजे तरुण झाडाला चाकूनं चीर देऊन तिच्यात बीजाणूंचं पाणी सोडायचं, आणि कोण वाळतं, कोण उभं राहतं ते पाहायचं. आपण वाढवलेल्या झाडाला आपल्याच हातानं आजार द्यायला काळीज घट्ट लागतं.

प्लँटिनच्या वंशात हिमालयातला एल्म आहे. गुराखी ज्याचा पाला जनावरांसाठी तोडतात, त्या झाडाचं रक्त या डच गल्लीत उभं आहे. प्रत्येक खोडाशी पाण्याची पिशवी भरताना मी हे मनात आणतेच.

तरीही पानं उलटून बघते, एकेक. 1960 साली आलेला 'कॉमेलिन' हा वाणही रोगाला पुरून उरेल म्हणून आवडीनं लावला गेला होता. मग बुरशीची जहाल जात आली आणि तो टिकला नाही. म्हणून एका गल्लीत एकच वाण लावलेला मला आवडत नाही, आणि बैठकीत मी ते दर वेळी बोलते.

4.00. वहीत नोंद: सातही कोलुमेला निरोगी, तिसऱ्याचं मातीचं आळं उकरलं गेलं आहे, भरून घेणे. तिसऱ्या पुलाजवळचं झाड संशयित. त्याची मुळं शेजारच्या एल्मच्या मुळांशी जुळलेली असणार, बुरशी त्या वाटेनंही जाते. उद्या सकाळी सुरुवात त्या शेजारच्या झाडापासून.