लालन सारंग : ‘स्त्रीभूमिके’कडून ‘भूमिका’ घेण्याकडे

प्रास्ताविक

२००६ साली कणकवली येथे अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन भरले. त्याच्या अध्यक्षपदी ज्येष्ठ अभिनेत्री लालन सारंग होत्या. सिंधुदुर्ग ही दशावताराची भूमी. कार्तिकापासून गावोगावच्या जत्रांतून मोचेमाडकर, पार्सेकर, वालावलकर यांसारखी मंडळे रात्रभर आख्याने रंगवतात. पारंपरिक दशावतारात द्रौपदी, तारामती किंवा मोहिनी पुरुष नटच साकारतो. त्याचे लालित्य हा या कलेचा मानबिंदू असला, तरी तेथील स्त्री ही पुरुषाने कल्पिलेली स्त्री असते. अशा भूमीवर संमेलनाचे अध्यक्षपद ज्या अभिनेत्रीकडे आले, तिची कारकीर्द रंगमंचावरील स्त्रीदेहाविषयीच्या वादांतून घडलेली होती. प्रस्तुत लेखात या कारकिर्दीचा संक्षेपाने वेध घेतला आहे.

जडणघडण आणि ‘गिधाडे’

लालन सारंग (माहेरच्या पैंगणकर) यांचा जन्म २६ डिसेंबर १९३८ चा. महाविद्यालयीन एकांकिकांतून त्या नाटकाकडे वळल्या. पुढे दिग्दर्शक कमलाकर सारंग यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि संसार व रंगभूमी ही दोन्ही क्षेत्रे त्यांच्यासाठी एकमेकांत मिसळून गेली.

१९७० मध्ये विजय तेंडुलकरांचे ‘गिधाडे’ डॉ. श्रीराम लागू यांच्या दिग्दर्शनाखाली रंगभूमीवर आले. त्यात लालनताईंनी माणिकची भूमिका केली. भावांच्या लाथांनी माणिकचा गर्भपात होतो, या प्रसंगातील साडीवरच्या रक्ताच्या डागाला परीक्षण मंडळाने आक्षेप घेतला. तेव्हा डाग निळा दाखवण्यात आला आणि प्रेक्षकांनी तो लाल समजावा, अशी सूचना करण्यात आली. हिंसा दाखवण्यास हरकत नव्हती. तिची स्त्रीदेहावरील खूण मात्र असह्य झाली, हा या घटनेचा खरा अर्थ होय.

‘सखाराम बाइंडर’

१९७२ मध्ये कमलाकर सारंग यांनी ‘सखाराम बाइंडर’ दिग्दर्शित केले. निळू फुले सखाराम, तर लालन सारंग चंपा. फौजदार नवऱ्याला सोडून आलेली, दारू पिणारी, मनात येईल ते बोलणारी चंपा मराठी नाटकातील सोशिक नायिकेच्या परंपरेत बसणारी नव्हती. प्रयोग सुरू झाल्यावर रंगभूमी प्रयोग परीक्षण मंडळाने अनेक कापण्या सुचवल्या, निदर्शनेही झाली. अखेर प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेले आणि निकाल नाटकाच्या बाजूने लागला. या लढ्याचा वृत्तान्त कमलाकर सारंग यांनी ‘बाइंडरचे दिवस’ या पुस्तकात नोंदवला आहे.

येथे एक भेद लक्षात घेणे आवश्यक आहे. लेखकावर आक्षेप घेतला जातो तो त्याच्या शब्दांसाठी; अभिनेत्रीवर घेतला जातो तो तिच्या शीलासाठी. चंपा आणि लालन सारंग यांच्यातील सीमारेषा पुसून टाकणाऱ्या टीकेला तोंड देत दर प्रयोगाला त्याच निष्ठेने उभे राहणे, हे केवळ अभिनयकौशल्य नव्हते. पात्राची भूमिका करता करता नागरिक म्हणून घेतलेली ती भूमिका होती.

भूमिकांचा पैस

चंपेच्या प्रतिमेत त्या अडकून पडल्या नाहीत. श्री. ना. पेंडसे यांच्या ‘रथचक्र’ या साहित्य अकादमी पुरस्कारप्राप्त कादंबरीवरील नाटकात त्यांनी साकारलेल्या नायिकेला नावच नाही. ती केवळ ‘ती’ आहे. नवरा परागंदा झाल्यावर एकत्र कुटुंबात मुलांच्या भवितव्यासाठी झगडणारी ही कोकणी बाई चंपेच्या अगदी विरुद्ध टोकाची. तेंडुलकरांच्या ‘कमला’मधील सरिता या दोघींहून वेगळी. बाजारातून विकत आणलेल्या कमलाकडे पाहताना, आपणही या घरात विकत घेतलेल्याच आहोत, हे त्या सुशिक्षित गृहिणीला उमगते. बंडखोर, सोसणारी आणि सोसता सोसता जागी होणारी अशी स्त्रीजाणिवेची तीन रूपे एकाच अभिनेत्रीने उभी केली.

नाट्यनिर्मिती आणि लेखन याही क्षेत्रांत त्यांनी काम केले. ‘मी आणि माझ्या भूमिका’, ‘नाटकांमागील नाट्य’ आणि ‘जगले जशी’ ही त्यांची पुस्तके होत. ९ नोव्हेंबर २०१८ रोजी पुणे येथे त्यांचे निधन झाले.

समारोप

आपल्या वर्गांत तेंडुलकरांचे नाटक बहुधा संहिता म्हणून शिकवले जाते. चंपेचे संवाद विद्यार्थी वाचतात. ते प्रथम उच्चारताना अभिनेत्रीला काय मोजावे लागले, हे अभ्यासाबाहेर राहते. प्रयोग पडद्याबरोबर संपतो, त्यामुळे नटीने स्वतः लिहून ठेवलेली नोंद हे नाट्येतिहासाचे प्रथम दर्जाचे साधन ठरते. लालन सारंग यांची पुस्तके संहितेच्या जोडीने वर्गात वाचली गेली पाहिजेत. सिंधुदुर्गातील अध्यापकांना तर आणखी एक संधी आहे. दशावतारातील पुरुषाने रंगवलेली स्त्री आणि ‘बाइंडर’मधील स्त्रीने रंगवलेली स्त्री यांचा तौलनिक अभ्यास विद्यार्थ्यांकडून करवून घेता येईल. त्यासाठी लागणारी निम्मी सामग्री गावच्या जत्रेतच उपलब्ध आहे.