भिंतीवर संघटनेचे प्रमाणपत्र. शाळेला मान्यता आहे का?

ओझर : इंग्रजी शाळेच्या कार्यालयात संघटनेचे सदस्यत्व प्रमाणपत्र दिसले, की पालक निर्धास्त होतात. पण 'मेस्टा'चे पूर्ण नावच पाहा : महाराष्ट्र इंग्लिश स्कूल ट्रस्टीज असोसिएशन. ही संघटना संस्थाचालकांची. अशा संघटनांत कोणाला घ्यायचे, वर्गणी किती, हे त्यांची घटना ठरवते. आरटीईच्या २५ टक्के प्रवेशांचे थकलेले पैसे सरकारकडे मागताना ही एकी कामी येते. शाळा चालवण्याची मान्यता मात्र सरकारच देते. शिक्षण हक्क कायदा २००९ च्या कलम १८ नुसार विनामान्यता शाळेला १ लाखापर्यंत दंड, तरीही सुरू राहिल्यास रोज १० हजारांपर्यंत.

यू-डायस क्रमांकावरही विसंबू नका. मान्यतेचे पत्र मागा. ते कितवीपर्यंतचे आहे, हेही वाचा. शंका असल्यास जुन्नर पंचायत समितीच्या शिक्षण विभागात विचारा, फी भरण्याआधी.