ड्राय सोल्डरची घरघर

घरी जोडलेला अ‍ॅम्प्लिफायर पहिल्यांदा सुरू केला आणि गाण्याऐवजी नुसता घुमारा ऐकू आला, की नवशिका लगेच आयसी बदलायला धावतो. आयसी बिचारी बहुधा ठणठणीत असते. मेकॅनिक मंडळी मात्र आधी बोर्ड उलटा करून ड्राय सोल्डर, म्हणजे सोल्डरने नीट न धरलेला कच्चा सांधा, शोधतात.

टीडीए २०३० ही पाच पायांची जुनी, स्वस्त आयसी घेऊ. ±१४ व्होल्टवर ४ ओहमच्या स्पीकरला ती साधारण १४ वॅट देते. घरच्या खोलीला ते पुष्कळ झाले. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्याच्या तापकीर गल्लीत सुटे भाग मिळतात. बोर्डासाठी २५ वॅटचे सोल्डरिंग आयर्न पुरते. ट्रान्सफॉर्मरच्या जाड तारांना आणि ग्राउंडच्या रुंद पट्ट्यांना मात्र ते कमी पडते, कारण तांबे उष्णता भराभर ओढून घेते. तिथे ६० वॅटचेच हवे.

आयर्नचे टोक, म्हणजे बिट, एकाच वेळी पॅडला आणि पायाला टेकवायचे, दोन-एक सेकंद थांबायचे आणि सोल्डर वायर समोरच्या बाजूने लावायची. तापलेल्या धातूवर ती स्वतःच पसरते आणि पायाभोवती उतार धरते. टपोरा गोळा झाला तर पाय थंडच राहिला होता, असे समजावे. बिटवर सोल्डर वितळवून ते सांध्यापर्यंत नेण्याची सवय फार वाईट; वाटेतच वायरमधली राळ जळून जाते आणि धातूवरचा गंज साफ करायला काही उरत नाही. कथील-शिशाचे ६०/४० सोल्डर १८३ ते १९० अंशांच्या दरम्यान धड पातळ नाही, धड घट्ट नाही असे असते. तेवढ्यात पाय हलला की सांधा खरबरीत होतो. ६३/३७ घेतले तर ही कटकट जवळपास मिटते.

दोष कुठे आहे, हे कानही सांगतो. फिल्टर कपॅसिटरचा सांधा कच्चा असेल तर १०० हर्ट्झची घरघर येते. इनपुटच्या शिल्डची तार सुटली असेल तर ५० हर्ट्झचा, त्याहून खालच्या पट्टीतला घुमारा येतो. लाकडी काडीने भाग हलकेच दाबत गेले की गुन्हेगार सापडतो.

पहिल्यांदा वीज देताना ६० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये घालावा. तो क्षणभर उजळून मंदावला तर ठीक. लख्ख पेटून राहिला तर ताबडतोब बंद करून आधी हीटसिंक पाहावे. या आयसीची धातूची पाठ आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेली असते. मधला अभ्रकाचा तुकडा विसरला आणि हीटसिंक कॅबिनेटला टेकले, की थेट शॉर्ट.