एक प्रश्न, अनेक उत्तरें

गणिताच्या प्रश्नाला एकच उत्तर असतें, अशी आपणां बहुतेकांची समजूत असते. माझीहि होती. ती कशी सुटली, तें आज सांगावयाचें आहे.

मी डोंगरकड्याचा. आमच्या हिंगोली जिल्ह्यांत हळदीचें पीक मोठें, म्हणून वर्गांत मीं एकदां गणित घातलें: "24 हात दोरीनें हळदीच्या आयताकृति वाफ्याला चहूंबाजूंनीं कुंपण केलें, वाफ्याचें क्षेत्रफळ किती?" लांबी 8 हात, हें सांगावयाचें मी विसरलों. माझ्या वहींत उत्तर होतें 32 चौरस हात. एका मुलानें 35 लिहिलें. मीं त्यावर फुली मारली. तो हळूच म्हणाला, "गुरुजी, मीं सात नि पांच हातांचा वाफा केला. माझीहि दोरी पुरली." मीं त्याला खालीं बसविलें. घरीं जाऊन पाहतों तों मुलगा बरोबर, चूक माझी! दुसऱ्या दिवशीं सर्वांसमक्ष मीं ती कबूल केली; परंतु त्या मुलानें वर्षभर पुन्हां कांहीं विचारलें नाहीं. ती रुखरुख अद्याप आहे.

पुढें मी तेंच गणित मुद्दाम लांबी न सांगतां घालूं लागलों. मुलें कोष्टक मांडीत: 11 व 1 यांचे 11, 10 व 2 यांचे 20, मग 27, 32, 35 आणि 6 व 6 यांचे 36. नंतर मी विचारीं, "सर्वांत मोठा वाफा कोणता, आणि कां?" या "कां"पाशींच खरें गणित सुरू होतें. लांबी 6 हून जितकी वाढवावी, तितकीच रुंदी घटते. वाढ 1 असतां 36 मधून 1 जातो, 2 असतां 4 जातात, 3 असतां 9 जातात. म्हणजे प्रत्येक वेळीं वाढीचा वर्ग वजा होतो. ज्यांतून कांहींच वजा होत नाहीं तो चौरसच सर्वांत मोठा. हा नियम मुलांनीं स्वतः शोधलेला असल्यामुळें घोकावा लागत नाहीं.

असल्या खेळांतून केवढें फळ निघतें, हें दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनीं दाखविलें. 1905 सालीं डहाणूस जन्मलेले हे गृहस्थ 1930 पासून 1962 पर्यंत देवळालीस शाळामास्तर होते. कोणतीहि चार अंकी संख्या घ्यावी. मात्र चारी अंक सारखे नसावेत. अंक उतरत्या क्रमानें व चढत्या क्रमानें मांडून वजाबाकी करावी, आणि येईल त्या उत्तरावर पुन्हां तेंच करावें. उदाहरणार्थ 3524 घेतां 5432 वजा 2345 म्हणजे 3087; मग 8730 वजा 0378 म्हणजे 8352; मग 8532 वजा 2358 म्हणजे 6174. फार तर 7 वजाबाक्यांत 6174 येतेच, आणि मग हलत नाहीं! हा शोध त्यांनीं 1949 सालीं मांडला. 1975 सालीं मार्टिन गार्डनर यांच्या लेखामुळें कापरेकरांचें नांव जगभर झालें.

पालकांना एवढीच विनंति कीं, "उत्तर आलें का?" एवढ्यावरच थांबूं नये, "दुसरें उत्तर निघेल का? कशावरून?" असेंहि विचारावें. आज रात्रीं जेवणें आटोपल्यावर हाच खेळ मुलांसह दोन अंकी संख्यांवर करून पाहा. तेथें संख्या एका जागीं थांबते, कीं फिरत राहते? उत्तर मी सांगत नाहीं. तें मुलांना सांगूं द्या.