विश्लेषण : बॅटरीतील ज्वलनशील द्रवाची जागा घन पदार्थ घेणार?

मार्च २०२२ मध्ये पुण्यात रस्त्याकडेला उभ्या असलेल्या विजेवरील स्कूटरने पेट घेतल्याची चित्रफीत देशभर पसरली. देशात इतरत्रही अशा घटना घडल्यानंतर केंद्र सरकारने बॅटरीच्या चाचण्यांचे निकष कडक केले आणि डिसेंबर २०२२पासून ते टप्प्याटप्प्याने लागू झाले. लिथियम-आयन बॅटरीतील बिघाडाची कारणे वेगवेगळी असू शकतात. पण आगीला इंधन पुरवणारा एक घटक बॅटरीच्या आतच असतो. तो म्हणजे इलेक्ट्रोलाइट. त्याला पर्याय शोधण्याचे संशोधन नेमके कुठे अडले आहे, याविषयी…

इलेक्ट्रोलाइटचे काम काय?

बॅटरी चार्ज होताना लिथियमचे आयन धनाग्राकडून ऋणाग्राकडे जातात आणि वापरताना उलट फिरतात. त्यांना वाट देणारे माध्यम म्हणजे इलेक्ट्रोलाइट. त्यातून आयन गेले पाहिजेत, पण इलेक्ट्रॉन जाता कामा नयेत. ते बाहेरच्या तारेतून गेले तरच आपल्याला वीज मिळते.

ज्वलनशील द्रवच का वापरतात?

पाणी स्वस्त आणि सुरक्षित आहे, पण साधारण १.२३ व्होल्टच्या पुढे त्याचे विघटन होते. लिथियम-आयन सेलचा दाब ३.७ व्होल्टच्या आसपास असतो. त्यामुळे १९९१ मध्ये सोनीने ही बॅटरी बाजारात आणली तेव्हापासून सेंद्रिय द्रावकांचाच आधार घेतला जातो. आज त्यात प्रामुख्याने कार्बोनेट वर्गातील द्रावक आणि लिथियमचा क्षार असतो. सेल अति तापला की हे द्रावक वायुरूप होऊन पेट घेऊ शकतात.

घन पदार्थातून आयन जातात का?

जातात. काही स्फटिकांच्या रचनेत लिथियमच्या आयनांना एका जागेवरून दुसऱ्या जागी उडी घेता येते. २०११ मध्ये जपानमधील रियोजी कान्नो यांच्या गटाने लिथियम, जर्मेनियम, फॉस्फरस आणि गंधक यांचे असे संयुग जाहीर केले. सामान्य तापमानालाही त्यातील आयनवहन द्रवाच्या तोडीचे होते.

मग अडचण कुठे आहे?

अडचण मुख्यतः संपर्काची आहे. द्रव इलेक्ट्रोडच्या प्रत्येक छिद्रात शिरतो. घन पदार्थ फक्त टेकतो. चार्जिंगच्या प्रत्येक फेरीत इलेक्ट्रोड फुगतात, आक्रसतात. त्यामुळे फटी पडतात आणि तिथे आयनांची वाट तुटते. शिवाय घन थरातील सूक्ष्म भेगांतून लिथियमचे तंतू वाढत गेले, तर दोन्ही टोके जोडली जाऊन शॉर्टसर्किट होते. गंधकयुक्त संयुगे मऊ असल्याने दाबून बसवता येतात, पण हवेतील ओलाव्याशी संयोग होताच त्यांतून विषारी हायड्रोजन सल्फाइड निघतो. ऑक्साइड त्या तुलनेत स्थिर, मात्र कडक आणि ठिसूळ असतात.

तरीही हा खटाटोप कशासाठी?

कारण केवळ सुरक्षेचे नाही. ऋणाग्र म्हणून आज वापरले जाणारे ग्रॅफाइट ग्रॅममागे जास्तीत जास्त ३७२ मिलिअँपिअर-तास भार साठवू शकते. शुद्ध लिथियमची ही क्षमता ३,८६० आहे. द्रव इलेक्ट्रोलाइटमध्ये लिथियम धातू धोकादायक ठरतो; घन थराआड तो वापरता आला तर तेवढ्याच वजनात गाडी अधिक अंतर कापेल.

या बॅटऱ्या कधी येणार?

टोयोटा आणि इदेमित्सु कोसान या जपानी कंपन्यांनी ऑक्टोबर २०२३ मध्ये घन बॅटरीसाठी सहकार्य जाहीर करताना २०२७-२८चे उद्दिष्ट ठेवले. प्रयोगशाळेतील नाण्याएवढा सेल आणि गाडीत हजारो वेळा चार्ज होणारी बॅटरी यांत मोठे अंतर आहे. तसेच, ‘घन’ म्हणजे पूर्ण सुरक्षित असेही नाही. लिथियम धातू स्वतः ज्वलनशील आहे. त्यामुळे सेलची रचना, तापमानावर लक्ष ठेवणारी यंत्रणा आणि योग्य चार्जर यांचे महत्त्व इलेक्ट्रोलाइट बदलल्यावरही कमी होणार नाही.